कापूस वेचणाऱ्या बायांच्या कंबरेसाठी आरोग्यमंत्र्यांना पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सादर नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातली शेतकरी बाई. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आमच्याकडे कापसाची वेचणी चालते. कमरेला ओटी बांधून सकाळपासून ऊन उतरेपर्यंत वाकून बोंडं वेचायची. ओटी भरत जाते तशी कंबर पुढे ओढली जाते. मजुरी किलोवर, म्हणून पाठ सरळ करायला कोणी थांबत नाही. संध्याकाळी घरोघरी एकच ऐकू येतं, ‘मनी कंबर धरी गई.’

माझी पस्तिशीतच धरली. चुलीपुढून उठताना भिंतीचा आधार लागे. दोन वर्षं गोळ्या-इंजेक्शनं झाली, पण दिवसभर काम कसं करते हे कुणी विचारलं नाही. धुळ्याच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी ते विचारलं, वाकून दाखवायला लावलं. त्या म्हणाल्या, सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो तेव्हा आतलं वंगण फिरतं, त्यातून तिचं पोषण होतं. तासन्‌तास एकाच स्थितीत राहिलेला स्नायू आखडतो. म्हणून दर अर्ध्या तासाने ओटी सोडायची, तळवे कमरेवर ठेवून हळूच मागे वाकायचं, पाच वेळा. गाठोडं उचलताना गुडघ्यांत वाकायचं, ओझं पोटाशी धरायचं. घरी आल्यावर अंग गरम आहे तोवर मांडीचा मागचा भाग आणि पोटरी वीस-तीस सेकंद ताणून धरायची. झटके द्यायचे नाहीत. ताण जाणवावा, कळ येऊ नये. पाय बधिर पडत असेल तर मात्र व्यायामावर न राहता डॉक्टर गाठायचा.

एवढं शिकायला मला दोन वर्षं आणि धुळ्याच्या खेपा लागल्या. हे गावातच मिळायला हवं होतं. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, योगाची सोय आहे, पण केंद्र उघडतं तेव्हा आमच्या बाया शेतात असतात आणि परततात तेव्हा कुलूप लागलेलं असतं. वेचणीच्या दिवसांत समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताईंना सकाळी बांधावर पाठवा. अहिराणीत, करून दाखवून शिकवू द्या. आशाताईंवर आधीच कामाचा भार आहे. या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे. आणि कृषी विभागाला सांगून शेतीशाळेत शेतमालकांनाही हे समजावा, कारण मालकाने थांबू दिलं तरच बाई थांबते.

आमच्या गावापासून सुरुवात करणार असाल, तर पहिला आठवडा मी स्वतः बांधावर उभी राहून करून दाखवीन.

आपली नम्र,
पारोळा तालुक्यातली एक शेतकरी