बाबांच्या काळजीला उत्तर

इनारी, फिनलंड

ती. आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगताना माझा धीर होत नव्हता, म्हणून लिहिते. बर्फमोजणीचे काम संपेपर्यंत, म्हणजे एप्रिलअखेरपर्यंत, इथेच राहायचे मी ठरवले आहे आणि तसा होकारही कळवला आहे. शिमग्याला पालखी अंगणात येईल तेव्हा मी नसेन. मोजणी मध्येच दुसऱ्याकडे सोपवली तर नोंदींचा मेळ बसत नाही, शिवाय अण्णांच्या वेळचे देणेही यातून फिटेल. तरी तुम्हांला वाईट वाटेल, हे मला ठाऊक आहे.

बाबा, तुम्हांला माझ्या हातांची धास्ती वाटते. स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावरून धावणाऱ्या आमच्या गाडीवर, हवा उणे २० अंश असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या कातडीला ती उणे ३४ इतकी बोचते, हे खरे आहे. वेगाची कळ उजव्या अंगठ्याने दाबून धरावी लागते, त्यामुळे आधी तोच गारठतो. परंतु आमच्या गाडीच्या मुठी आणि ती कळ विजेवर तापतात, आणि मुठींवर जाड खोळी चढवलेल्या असल्याने आत हातांना वारा लागत नाही. हातात आधी लोकरीचा पातळ मोजा आणि त्यावर चारही बोटे एकत्र राहतील असा मोठा मोजा घालते. काकडआरतीला जाताना तुमच्या कोटाच्या खिशात तुमच्या मुठीत माझी मूठ असायची, तशी ती बोटे एकमेकांच्या उबेत राहतात.

आई, तू विणलेले हातमोजे मी रोज घालते, मात्र खोलीवर लिहायला बसताना. गाडीवर मोजा सैल हवा, नाहीतर बोटांत रक्त खेळत नाही. अंग गारठले की शरीर हातांकडचे रक्त आवरते घेते, म्हणून निघण्यापूर्वी मी पोटभर भात खाते. तू दिलेली आमसुले अजून आहेत आणि खोली रात्रभर उबदार असते. पेट्रोल भरताना वेगळे रबरी हातमोजे घालते, कारण या थंडीतही ते गोठत नाही आणि बोटांवर सांडले तर क्षणात इजा करते. बोट बधिर होऊन पांढुरके दिसले तर ते न चोळता हात काखेत धरायचा आणि मागे फिरायचे, असा इथला नियम आहे. एकटीला कुणी जाऊ देत नाही.

आता माझे ऐका. बाबांच्या बोटांना मुंग्या येतात, हे ताईकडून कळले. रत्नागिरीला जाऊन या आठवड्यातच साखर तपासून घ्या. आंबा मोहरला आहे, फवारणी आहे, ही कारणे नकोत. तोवर आंघोळीचे पाणी बाबांनी बोटांनी पाहू नये, कारण बधिर बोटांना चटका कळत नाही. आई, ते तू पाहा. तुझ्या हातांच्या भेगांना रात्री कोकमाचे तेल लाव, आणि तपासणीचा कागद हाती आला की त्याचा फोटो लगेच मला पाठवा.

तुमची,
छकुली