डाव ऑनलाइन असू द्या, पण मुलांना कॉलेजात बसवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कॉलेजच्या मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धा घरबसल्या ऑनलाइन घ्यायची टूम आता चांगलीच रुळली आहे. माझी धाकटी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात ती अशी एक स्पर्धा खेळली. ती खेळली म्हणजे खरं तर आमचं अख्खं घर खेळलं. त्यावरून हे पत्र.

रविवारी सकाळी दहाला सुरुवात. स्विस पद्धतीच्या, म्हणजे हरलं तरी बाद न होता सगळ्यांनी खेळायच्या, सात फेऱ्या, प्रत्येकाला दहा मिनिटं आणि दर चालीला पाच सेकंद वाढीव. डाव लॅपटॉपवर, आणि शेजारी एक मोबाईल झूम लावून असा ठेवायचा की खेळणाऱ्याचा हात आणि पडदा दोन्ही दिसले पाहिजेत. तिचा स्वतःचा फोन नियमाप्रमाणे बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवलेला. म्हणून माझा फोन घेतला आणि तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि लॅपटॉप नाही, त्या घरातल्या मुलाने काय करायचं, याचा उल्लेख नियमावलीत नव्हता.

दुसऱ्या फेरीत कुकरची शिट्टी झाली. पंचांनी लगेच विचारलं, 'घरात दुसरं कोण आहे? तो आवाज कसला?' मुलगी म्हणाली, 'सर, वरण आहे.' एवढं एकच हसू त्या दिवसातलं.

चौथ्या फेरीत तिच्याकडे हत्ती आणि दोन प्यादी, समोर नुसता हत्ती. एक प्यादं सहाव्या घरात पोचलेलं. घड्याळात पन्नासेक सेकंद शिल्लक होते, पण दर चालीला पाच सेकंद मिळत असताना तेवढे पुरेसे होते. आणि वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, राउटर मात्र बंद. माझ्या फोनवर हॉटस्पॉट लावावा तर त्याच्यावर झूम, त्याला हात लावला की पंचांची शंका. ती धावत आत गेली, स्वतःचा फोन चालू केला. तो सुरू होऊन, हॉटस्पॉट लागून, लॅपटॉप जोडला जाईपर्यंत पडद्यावर निकाल आलेला होता. समोरचा मुलगा भला असावा. त्याने ग्रुपवर लिहिलं, 'ताई, तुम्ही जिंकत होता.' गुण अर्थात त्यालाच मिळाला. आयोजकांकडे दाद मागितली तर उत्तर आलं की वीज आणि इंटरनेट ही खेळाडूची स्वतःची जबाबदारी आहे, सिस्टीमने दिलेला निकाल अंतिम.

यात आमच्या मुलीचंच काही जगावेगळं झालं असं नाही. 30 ऑगस्ट 2020 रोजी फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम लढतीत भारत आणि रशिया खेळत होते. ऐन डावात निहाल सरीन आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख यांचं कनेक्शन तुटलं आणि वेळ संपल्याने दोघेही डाव हरले. भारताने दाद मागितली, फिडेने ती ऐकली आणि दोन्ही देशांना संयुक्त सुवर्णपदक दिलं. दिव्या तेव्हा चौदा वर्षांची होती. तीच पुढे 2025 मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. जगाच्या अंतिम सामन्यात जे होऊ शकतं ते सांगलीच्या विश्रामबागेत होणारच. पण तिथे ऐकून घ्यायला कोणीतरी होतं.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. सहाव्या फेरीत समोरच्याची प्रत्येक चाल आठ ते दहा सेकंदांनी येत होती. अवघड चालीलाही दहा सेकंद, आणि समोरून वजीर घेतल्यावर आपण उलट घ्यायचा, जे शाळकरी पोरगंही डोळे मिटून करतं, त्यालाही दहा सेकंद. खेळणाऱ्यांना हा प्रकार ठाऊक आहे. चाल दुसऱ्या पडद्यावर टाकायची, इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा प्रोग्रॅम, काय म्हणतं ते बघायचं, मग खेळायचं. आज मोबाईलमधलं फुकटचं इंजिनसुद्धा विश्वविजेत्याला हरवेल एवढं ताकदवान आहे. 2021 मध्ये खुद्द विश्वनाथन आनंद यांच्याशी झालेल्या मदतनिधीच्या सामन्यात एका बड्या उद्योजकाने अशीच मदत घेतली होती आणि नंतर तसं कबूलही केलं होतं. मग बक्षीस आणि प्रमाणपत्र समोर असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला मोह होणार नाही असं कसं मानायचं? तरीही त्या मुलाने लबाडी केली असं मी म्हणणार नाही, कारण मला ते माहीत नाही. मुख्य दुखणं हेच आहे. कारण पाचव्या फेरीत आमची मुलगी बावीस चालींत जिंकली, तेव्हा तिलाही पंचांनी खोलीभर कॅमेरा फिरवायला लावला. जिंकलं की संशय, हरलं की संशय. पटावर समोरासमोर बसलेली माणसं निदान एकमेकांचे डोळे बघतात.

माझा ऑनलाइनला विरोध आहे असं कोणी समजू नये. जत, आटपाडी किंवा शिराळ्याच्या मुलीला सांगलीत दिवसभराची स्पर्धा खेळायची तर पहाटेची एसटी पकडायची आणि संध्याकाळी शेवटची गाडी चुकेल या धास्तीने अखेरच्या फेरीत बरोबरी मागायची. अशा बरोबऱ्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या मुलींसाठी ऑनलाइन ही मोठीच सोय आहे.

पण ऑनलाइन म्हणजे घरूनच, हे कोणी ठरवलं? फिडेच्या नियमांत 'हायब्रिड' नावाचा प्रकार आहे. डाव संगणकावरच, पण खेळाडू ठरलेल्या केंद्रावर येऊन बसतात आणि तिथे पंच प्रत्यक्ष हजर असतो. आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजात संगणकाची लॅब असते, बऱ्याच ठिकाणी यूपीएस किंवा जनरेटर असतो. जतच्या मुलांनी जतमध्ये बसावं, विट्याच्या मुलांनी विट्यात, आणि डाव एकमेकांशी व्हावेत. वीज गेली तर पंच समोर आहे, तो वेळ नोंदवेल. फोन दारातल्या टेबलावर जमा. कॅमेरा नको, तांदळाचा डबा नको, कुकरची चौकशी नको. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत सांगली, सातारा, कोल्हापूर असे तीन जिल्हे येतात. एवढ्या पसाऱ्याला ही पद्धत अगदी सोयीची आहे.

सांगलीत बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या आणि त्यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या गावात हे सांगावं लागतं याचं थोडं वाईट वाटतं. मुलांना पटाशी बसवायचं कसं, हे या गावाला कोणी शिकवायला नको होतं.

हीच सूचना मी ओळखीच्या एका प्राध्यापकांपुढे मांडली. त्यांना पटली. मग हसत म्हणाले, 'सगळं खरं, पण लॅबची किल्ली शिपायाकडे असते आणि रविवारी शिपाई गावी जातो.'

तर मग स्पर्धा शनिवारी घ्या.

आपला,
एक पालक, विश्रामबाग, सांगली