शिट्टी कशाला हवी?

मा. संपादक,

मध्यंतरी आमच्या नेरुळमध्ये शाळेच्या मुलांची अल्टिमेट फ्रिस्बीची (दोन टीम प्लास्टिकची उडती चकती, म्हणजे डिस्क, फेकत-झेलत खेळतात तो खेळ) स्पर्धा झाली, आयोजकांनी हौसेने दोन अंपायर उभे केले, गळ्यात शिट्ट्या वगैरे, का तर म्हणे पोरं भांडतील. अहो पण या खेळात अंपायर नसतोच! वर्ल्ड फ्लाइंग डिस्क फेडरेशन, म्हणजे 1985 पासून हा खेळ जगभर चालवणारी संघटना, तिच्या नियमांत सुरुवातीलाच लिहिलंय की नियम पाळायची आणि बघायची जबाबदारी खेळाडूंचीच. धक्का लागला तर ज्याला लागला तोच 'फाउल' म्हणतो, समोरच्याला नाही पटलं तर तो 'कॉन्टेस्ट' म्हणतो, दोघं बोलतात, आणि तरी नाहीच जमलं तर बहुतेक वेळा डिस्क परत फेकणाऱ्याकडे जाते आणि गेम सुरू. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्येही हेच. तिथे गेम अ‍ॅडव्हायझर असतात पण ते नियम समजावतात, निकाल देत नाहीत.

मॅच संपल्यावर दोन्ही टीम एकमेकांना मार्क देतात ते तर मला फारच आवडतं. नियम माहितीयत का, अंगावर आले नाहीत ना, खरं बोलले का, डोकं शांत ठेवलं का, नीट बोलले का, प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4. त्यात 2 म्हणजे व्यवस्थित, त्यामुळे 20 पैकी 10 मिळाले तरी कोणी तोंड पाडून बसत नाही (आपल्याकडच्या पालकांना हे पचायला जड जाईल). आमच्याकडे हे मार्कांचं शीट टीमना दिलंच नाही.

अमेरिकेतल्या प्रोफेशनल लीगमध्ये रेफरी असतात हे मान्य, पण तिथे तिकिटं विकायची असतात. आणि 2015 ला ऑलिम्पिक कमिटीने फेडरेशनला पूर्ण मान्यता दिली ती काय अंपायर आणा मग देतो म्हणून नाही. लॉस एंजेलिस 2028 ला क्रिकेट आलं, डिस्कचा खेळ राहिला बाहेर, वाईट वाटलं, पण म्हणून आपण इथे क्रिकेटची नक्कल कशाला करायची?

पोरांना झेपणार नाही म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, हा खेळ 1968 मध्ये न्यू जर्सीच्या एका हायस्कूलच्या मुलांनीच काढला, नियमही त्यांनीच लिहिले. आणि त्या दिवशी ग्राउंडवर आवाज चढवत होते ते लाइनबाहेरचे पालक, पोरं नाहीत.

पुढच्या वर्षी अंपायरच्या मानधनाच्या पैशात नियमांची मराठी पत्रकं छापा, आधी एक तास मुलांना समजावून सांगा, आणि आम्हा पालकांना लाइनपासून लांब बसवा.

– एक पालक, नेरुळ, नवी मुंबई