कन्सेशन म्हणजे शरणागती नव्हती

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत १९२० च्या दशकातील सोव्हिएत रशियावरचा लेख वाचला. मांडणी चांगली आहे. पण परकी कंपन्यांना खाणी आणि जंगले कन्सेशनवर, म्हणजे ठरावीक कराराने वापरायला, देऊन लेनिनने भांडवलशाहीपुढे गुडघे टेकले, हा निष्कर्ष मुळीच पटला नाही.

ही शंका तेव्हाही होती. अर्झामास तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी कळवले होते की, आणखी तीन वर्षे उपासमार आणि थंडी सोसू, पण कन्सेशनच्या नावाखाली रशियामाता विकू नका. लेनिनने ते डिसेंबर १९२० च्या सोव्हिएत काँग्रेसमध्ये वाचून दाखवले. आपल्याच माणसांचा विरोध सभेत मोठ्याने वाचणाऱ्याला लपवाछपवी करायची नव्हती, हे उघड आहे.

त्याच्या महिनाभर आधी, २३ नोव्हेंबरला, कन्सेशनचा हुकूम निघाला होता. परकी कंपनीला मोबदल्यात उत्पादनाचा वाटा आणि तो बाहेर नेण्याची मुभा, मालमत्ता जप्त न करण्याची हमी, कराराच्या अटी सरकार एकतर्फी बदलणार नाही असा शब्द. एवढे तिच्या पदरात. जमिनीची मालकी मात्र सरकारचीच, कामगार कायदाही तिथलाच. पुढे १९२३ मध्ये यासाठी मुख्य कन्सेशन समिती नेमली गेली. काही काळ तिची सूत्रे बोल्शेविक नेते ट्रॉट्स्की यांच्याकडे होती. प्रस्ताव दोन हजारांवर आले, करार मात्र दोनशेच्या आतच राहिले. उर्कहार्ट यांच्या ब्रिटिश कंपनीशी सोव्हिएत प्रतिनिधी क्रासिन यांनी सप्टेंबर १९२२ मध्ये सही केलेला करारसुद्धा लेनिनच्या सरकारने महिनाभरात फेटाळला. ही शरणागती कशी?

लेखकाने टीका करायचीच होती तर ती लेना गोल्डफील्ड्स या सायबेरियातल्या सोन्याच्या खाणींच्या कंपनीच्या प्रकरणावर करायला हवी होती. १९१२ मध्ये लेनाच्या खाणींवर झारच्या सैनिकांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हाही या ब्रिटिश कंपनीचा तिथे मोठा हिस्सा होता. तिलाच १९२५ मध्ये पुन्हा कन्सेशन मिळाले. निर्णय कडू होता, पण करार रीतसर होता. डिसेंबर १९२९ मध्ये गुप्त पोलिसांनी तिच्या कचेऱ्यांवर छापे घातले, कर्मचाऱ्यांवर हेरगिरीचे खटले भरले. लवादात सुरुवातीला सामील झालेले सरकार मध्येच बाहेर पडले. १९३० मध्ये जवळपास १ कोटी ३० लाख पौंडांचा निवाडा विरोधात गेला. १९३४ मध्ये तडजोड ठरली ती ३० लाखांची.

अटी कडक असणे हा दोष नव्हता. आपणच दिलेली हमी पोलिसांकरवी मोडणे हा होता, आणि तो लेनिनच्या नव्हे, स्टालिनच्या काळातला. ही दोन पर्वे एकाच वाक्यात गुंडाळणे अन्यायाचे आहे. लेखमाला पुढे चालणार असेल, तर लेना प्रकरणावर एक स्वतंत्र लेख जरूर द्यावा.

— एक निवृत्त अर्थशास्त्र शिक्षक, मिरज