एक माणूस, एक दिवस: बेघरांच्या सेवा-मेळाव्यासाठी आवाहन

इंदूरमधील सर्व मराठी बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

संक्रांतीनंतरच्या मंगळवारी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, शहरातल्या बेघर माणसांसाठी आपल्या मंडळाच्या सभागृहात एक दिवसाचा सेवा-मेळावा भरवायचे कार्यकारिणीने ठरवले आहे. आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांसाठीचा ओळख क्रमांक), बँक खाते, आयुष्मान कार्ड, पेन्शनचे अर्ज, मतदार नोंदणी, कायदेशीर सल्ला, डोळे-दात-रक्तदाब-साखरेची तपासणी, गरम पाण्याची आंघोळ, केशकर्तन आणि पोटभर जेवण, हे सगळे एका छपराखाली असेल. संबंधित कार्यालयांना आणि डॉक्टरांना विनंतीपत्रे दिली आहेत. यासाठी पैसा लागणार, तो मागतोच आहोत. पण त्याहून जास्त माणसे लागणार आहेत आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

इंदुरात भुकेल्याला घास देणारे हात कमी नाहीत. थंडी पडली की सरवटे बसस्थानकाबाहेर, रेल्वे स्टेशनच्या आजूबाजूला, एम. वाय. रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर रात्री गाड्या थांबतात आणि ब्लँकेटे, पुरी-भाजीची पाकिटे वाटून जातात. हे काम चांगलेच आहे, ते चालू राहावे. पण तिथे झोपणाऱ्यांशी निवांत बोललात तर ते सांगतील की ब्लँकेट मिळते, ठेवायला जागा मिळत नाही. सकाळी कामावर जाताना कुठे तरी कोंबून ठेवले तर संध्याकाळी ते तिथे नसते. आणि ज्या गोष्टींनी त्यांचे दिवस खरोखर पालटू शकतात त्या गाडीतून वाटता येत नाहीत. त्यासाठी कागद लागतात.

हमाली करून पाठ गेलेला, साठी ओलांडलेला, एकटा माणूस घ्या. मध्य प्रदेशात गरीब वृद्धाला महिना ६०० रुपये सामाजिक सुरक्षा पेन्शन मिळू शकते. पेन्शनसाठी खाते हवे, समग्र आयडी हवा. समग्रला ई-केवायसी हवी, तिला आधार हवे आणि आधारशी जोडलेला मोबाइल हवा. आधारला पत्ता हवा. एक खिडकी दुसरीकडे पाठवते, दुसरी पुन्हा पहिलीकडे. प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की माणूस नाद सोडतो, आणि मग आपण म्हणतो, ‘त्यांनाच काही नको असते.’ हे बोलणे अन्यायाचे आहे.

यातल्या बऱ्याच अडचणींवर नियमांतच वाट काढून ठेवलेली आहे. ती ना त्या माणसाला माहीत असते, ना पुष्कळदा खिडकीपलीकडच्याला. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र दिले, तर तिथे राहणाऱ्याची आधार नोंदणी होऊ शकते. नवी नोंदणी मोफत असते. बँकेत एकही ओळखपत्र नसताना, स्वतःचा फोटो देऊन आणि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करून ‘छोटे खाते’ उघडता येते. त्यात शिल्लक ५०,००० रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत काढता येतात आणि ते १२ महिने चालते. तेवढ्यात ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी १२ महिने मिळतात. मतदार यादीसाठी तर बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा मागायचाच नाही, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. अर्जात तो जिथे झोपतो ती जागा लिहायची, आणि बूथ पातळीवरच्या अधिकाऱ्याने रात्री तिथे जाऊन, तेही एकाहून अधिक रात्री, तो खरोखर तिथेच झोपतो ना हे पाहायचे. आयुष्मान योजनेत शहरांसाठी जे ११ व्यवसाय-गट धरले गेले त्यांत कचरावेचक आहेत, भिक्षेकरीही आहेत. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार या योजनेत मिळतात. फुटपाथवर झोपणाऱ्या सत्तरीच्या आजींना हे कोणी सांगायचे?

दुसरा एक गुंता नेहमी पुढे येतो. पुष्कळांचे आधार गावी असताना कधी तरी निघालेले असते, कार्ड हरवलेले असते, क्रमांक आठवत नाही. कोणी तरी त्यांना नव्याने नोंदणी करायला सांगतो. ठसे आधीच्या नोंदीशी जुळतात, अर्ज फेटाळला जातो, आणि कारण काही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी नवे कार्ड काढायला न जाता जुनाच क्रमांक शोधायचा असतो. शिवाय सिमेंट-विटांच्या कामात बोटे झिजलेली असतात, यंत्र ठसा पटकन घेत नाही, मोतीबिंदू असेल तर डोळ्यांचीही अडचण येते. बोटे किंवा डोळे साथ देत नसतील तर अपवाद म्हणून नोंदणी करायची तरतूद आहे, पण ती वापरा असे सांगणारे कोणी तरी शेजारी उभे असावे लागते.

हे शेजारी उभे राहण्याचे काम आम्ही तुमच्याकडे मागतो आहोत.

अशा मेळाव्यांची कल्पना अमेरिकेत रुजली. १९८८ साली सॅन दिएगो शहरात बेघर माजी सैनिकांसाठी काही दिवसांचे शिबिर भरले, आणि पुढच्याच वर्षी त्या शिबिरात न्यायालयच येऊन बसले, कारण रस्त्यावर झोपल्याच्या, दंड न भरल्याच्या किरकोळ खटल्यांमुळे या लोकांना ना काम मिळत होते ना घर. २००४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सगळ्याच बेघरांसाठी एका दिवसात एका जागी सेवा देणारे मेळावे सुरू झाले आणि मग ते इतर शहरांनीही उचलले. तिथली एक पद्धत आम्हाला सर्वांत मोलाची वाटली: आलेल्या माणसाबरोबर एक स्वयंसेवक द्यायचा. टेबलांच्या गर्दीत त्याला एकटे सोडायचे नाही. एका दिवसात कोणाला घर मिळत नाही, हेही तिथल्या अनुभवाने दाखवले आहे. म्हणून मेळाव्याच्या दिवसापेक्षा नंतरच्या महिन्यांवर आमचा भर राहील.

तर हा सोबती काय करील? दारात आलेल्या माणसाला नाव विचारून, ‘काका’, ‘ताई’, ‘आजी’ म्हणून आत घेईल. चहा-पोहे देईल. मग त्यांना आज काय हवे आहे ते विचारील. आपल्याला काय द्यायचे आहे ते नंतर. कोणाला फक्त चष्मा हवा असेल, कोणाला नुसती आंघोळ आणि दाढी. तेवढे करून गेले तरी चालेल. ज्यांना कागद करायचे असतील त्यांच्यासोबत सोबती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईल, अर्ज भरील, पावत्या सांभाळील, आणि पुढचे तीन महिने त्या एका माणसाचा पाठपुरावा करील: पंधरवड्यातून एक भेट, गरज पडेल तेव्हा बँकेत किंवा झोनल कार्यालयात सोबत. शंभर-सव्वाशे जण येतील असा अंदाज धरला, तर आम्हाला शंभर सोबती लागतील. बँकेतून, वीज मंडळातून, शाळांतून निवृत्त झालेली कितीतरी मंडळी आपल्यात आहेत. फॉर्म कसा वाचायचा, अर्ज कुठे अडतो, कोणत्या साहेबाशी कोणत्या शब्दांत बोलायचे, हे तुम्ही आयुष्यभर करत आलात. या कामाला याहून चांगली पात्रता नाही. मेळावा मंगळवारी ठेवला तो कार्यालये उघडी असतात म्हणून. नोकरी करणाऱ्या तरुणांनी त्या दिवशी एक रजा काढावी, ही कळकळीची विनंती.

आपल्या मराठीचाही इथे उपयोग आहे. खानदेशातून, विदर्भातून इंदुरात येऊन रस्त्यावर राहिलेली माणसे भेटतात. त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्माची नोंद, जुनी शिधापत्रिका महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्यात असते. तिथल्या पोलीस पाटलाला, ग्रामसेवकाला किंवा शाळेला फोन करून चार शब्द नीट बोलता येणारा माणूस असला तर महिन्यांचे काम दिवसांत होते. मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळायची. त्या माणसाने ‘हो’ म्हटल्याशिवाय घरी किंवा गावात कोणालाही कळवायचे नाही. मारहाणीतून निसटून आलेल्या बायका यात असतात. त्यांचा ठावठिकाणा आपल्या भाबड्या चांगुलपणामुळे कोणाच्या हाती लागता कामा नये.

बेघर लोक मेळाव्याला येतील का, ही शंका काही सभासदांनी काढली, आणि ती रास्त आहे. त्यांना गाडीची भीती वाटते. जानेवारी २०२१च्या अखेरीस महापालिकेच्या गाडीतून वृद्ध बेघरांना देवास रस्त्यावर क्षिप्रा गावाजवळ नेऊन उतरवल्याचा व्हिडिओ देशभर पसरला होता. गावकऱ्यांनी हरकत घेतल्यावर त्यांना परत आणावे लागले, एका उपायुक्ताचे निलंबनही झाले. असे प्रसंग फुटपाथवर पुढची कित्येक वर्षे सांगितले जातात. म्हणून आम्ही कोणालाही गाडीत घालून आणणार नाही. मेळाव्याआधी तीन-चार रात्री स्वयंसेवक पायी जाऊन निमंत्रण देतील; ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी रिक्षा असेल, आणि ती त्यांना त्याच जागी परत सोडील. दारात कोणाचे ओळखपत्र तपासले जाणार नाही. सामानाचीही सोय हवी, कारण गाठोडे सोडून कोणी आत येणार नाही. ज्यांचे सगळे घर त्या गाठोड्यात आहे त्यांनी ते सोडावे तरी का? टोकन देऊन सामान सांभाळणारे चार विश्वासू कार्यकर्ते आणि हातगाड्यांसाठी अंगणातली जागा त्यासाठी राखली आहे.

शहरात १ जानेवारी २०२५पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश अमलात आला, तेव्हा आता रस्त्यावर कोण उरले, असेही कोणी विचारतात. बेघर म्हणजे भिकारी, हा समज आधी काढून टाकला पाहिजे. सियागंजात पोती वाहणारे, लग्नाच्या वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणारे, हॉटेलात भांडी घासणारे, बांधकामावर रोजंदारी करणारे, कचऱ्यातून प्लास्टिक वेगळे करणारे यांतले कितीतरी जण रात्री उघड्यावर झोपतात. एम. वाय.मध्ये दाखल झालेल्या रुग्णाबरोबर झाबुआ-खरगोनकडून आलेले नातेवाईक तर आठवडेच्या आठवडे फुटपाथवर काढतात. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायमची निवाऱ्याची सोय हवी, असा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता. इंदूरची लोकसंख्या २०११ सालीच साडेएकोणीस लाखांच्या आसपास होती. म्हणजे त्या वेळच्या हिशेबानेही जवळपास दोन हजार जणांना जागा हवी होती. रैन बसेऱ्यांत, म्हणजे रात्रीच्या सरकारी निवाऱ्यांत, जागा, स्वच्छता आणि बायकांसाठी वेगळी खोली हवी ही मागणी आपण करत राहायचीच आहे. मेळाव्यात गोळा होणारी माहिती, नावे वगळून, आम्ही प्रशासनाला देऊ.

काही जण स्वतःशी बोलत असतील, कोणाला ओळखणार नाहीत, हातातली पिशवी सोडणार नाहीत. त्यांना हसू नका, घाबरू नका, हाकलू तर मुळीच नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार बेघर मनोरुग्णाला सरकारी ठिकाणी मोफत उपचार मिळण्याचा हक्क आहे, आणि असा माणूस भटकताना दिसला तर त्याला संरक्षण देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. मेळाव्यात यासाठी शांत कोपरा आणि मनोविकारतज्ज्ञ असावा म्हणून प्रयत्न चालू आहेत. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सर्व स्वयंसेवकांनी मोबाइलमध्ये ठेवावा. त्याच्यासोबत ज्येष्ठांसाठीचा १४५६७, मुलांसाठीचा १०९८ आणि मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० हेही ठेवा.

आता वस्तू आणि पैसा. जुने कपडे कृपया आणू नका. ते आमच्याकडे ढिगांनी पडले आहेत. हवे आहे ते असे: नवी अंतर्वस्त्रे (स्त्री-पुरुष दोघांसाठी), मोजे, चपला, सॅनिटरी पॅड, टूथब्रश, नेलकटर, आणि कागद ठेवायला चेन असलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या. पावसात एकदा कागद भिजला की पुन्हा पहिल्यापासून सगळी पायपीट होते, म्हणून त्या पिशवीचे मोल मोठे आहे. रोख देणगी चष्मे, फोटो, झेरॉक्स, औषधे, रिक्षाभाडे, आणि जे मजुरी बुडवून येतील त्यांच्या त्या दिवसाच्या मजुरीसाठी वापरली जाईल. या शेवटच्या बाबीवर बैठकीत मतभेद झाले, पण तिथे कंजुषी करू नये असे आमचे ठाम मत आहे. देणगी मंडळाच्या कार्यालयात पावती घेऊनच द्यावी, जमाखर्च फलकावर लावला जाईल. ज्या घरांना जेवणाचा भार उचलायचा आहे त्यांनी पोळ्या मऊ कराव्यात, वरण-भात जास्त ठेवावा, तिखट बेताचे ठेवावे. येणाऱ्यांत दात नसलेले आणि मधुमेहाचे बरेच असतील. गोडाचा आग्रह नको.

देणगीदारांनी वस्तू देतानाचे फोटो काढायचे नाहीत. आम्हीही काढणार नाही. वर्तमानपत्राला छायाचित्र हवेच असेल तर रिकाम्या टेबलांचे देऊ.

सोबती म्हणून नाव देणाऱ्यांसाठी दोन संध्याकाळी प्रशिक्षण ठेवले आहे. अर्ज प्रत्यक्ष भरून पाहायचे, आणि अनोळखी माणसाशी कसे बोलायचे याचा सराव करायचा. महिला स्वयंसेवकांची संख्या निम्म्याहून कमी राहू नये असा प्रयत्न आहे, तेव्हा भगिनींनी जरूर पुढे यावे. रोज संध्याकाळी सहा ते आठ मंडळाच्या कार्यालयात नोंदणी चालू आहे. नाव देताना तीन महिन्यांचा पाठपुरावा जमेल ना, हे घरी बोलून ठरवूनच द्या. मधेच सोडून गेलेला सोबती त्या माणसाला फार महागात पडतो. आणि हिंदी-मराठीखेरीज निमाडी, भिली किंवा भोजपुरी बोलता येत असेल तर तेही आवर्जून सांगा, म्हणजे जोड्या लावताना त्याचा विचार करता येईल.

आपले,
मंडळाची कार्यकारिणी व सेवा-मेळावा समिती, इंदूर