डॉक्टर मॅडम, बाबांची केमो सुरू केल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

तुम्हाला आवडणार नाही म्हणून नाव लिहीत नाही, पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत.

बाबांचा जठराचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचला होता. आधी पोटरीत गुठळी झाली म्हणून रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू होती, आणि मग अचानक हिरड्यांतून रक्त यायला लागलं. बीपीचा पट्टा बांधला की दंडावर काळानिळा डाग उठायचा. गुठळ्याही होतात आणि रक्तही थांबत नाही, हे आमच्या डोक्यात शिरत नव्हतं. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, एवढ्या कमी असताना केमो झेपणार नाही, घरी न्या, असं दुसरीकडे सांगून झालं होतं.

तुम्ही रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर पेनाने आकृती काढून समजावलंत. कॅन्सरमुळे रक्त गोठण्याची क्रिया अंगभर चालूच राहते, बारीक बारीक गुठळ्या होतात, त्यात प्लेटलेट्स आणि फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन संपून जातात. मग खरी गरज असते तिथे रक्त थांबवायला काही उरत नाही. याला डीआयसी म्हणतात. "नुसत्या पिशव्या चढवून भागणार नाही, मूळ कॅन्सर दाबावा लागेल," म्हणालात. केमोने रक्तस्राव वाढू शकतो आणि आजार मुळापासून जाणार नाही, हेही लपवलं नाहीत. आणि हे सगळं बाबांच्या खाटेशी बसून, त्यांच्याशी बोललात. आपल्याकडे पेशंटला खोलीत ठेवून नातेवाइकांना बाहेर बोलावतात. बाबांना त्यांचा निर्णय त्यांना घेऊ दिलात, यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

प्लाझ्मा, प्लेटलेट्स देत देत कमी डोसची केमो सुरू झाली. फायब्रिनोजेन हळूहळू चढलं. ज्या अनोळखी माणसांनी तासन्‌तास बसून प्लेटलेट्स दिल्या, त्यांचेही पाय धरावेसे वाटतात. प्लेटलेट्स ५०,०००च्या वर टिकल्यावरच तुम्ही रक्त पातळ करणारं इंजेक्शन पूर्ण डोसने पुन्हा चालू केलंत. टोचून घ्यायचा कंटाळा आला म्हणून बाबांनी गोळी मागितली, तेव्हा जठरातली गाठ तशीच असताना काही गोळ्यांनी तिथून रक्त जाण्याचा धोका वाढतो, हे त्यांना पटेपर्यंत सांगितलंत.

बाबा घरी आहेत. केमोच्या पुढच्या सायकलच्या आधीचे रिपोर्ट घेऊन येतोच. दाढी तुम्ही सांगितल्याप्रमाणे मशीननेच करतात, ब्लेडला हात लावत नाहीत, हे तुम्हाला कळवायला त्यांनी मुद्दाम सांगितलंय.

तुमची कृतज्ञ,
एका पेशंटची मुलगी