पाणी काढून टाकणारा मुलूख

स्टॉर्म लेक, आयोवा, अमेरिका
ऑक्टोबर 2025

प्रिय दत्ता यास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र पोहोचून महिना होत आला. तू राहतोस तो मुलूख दिसतो तरी कसा आणि तिथली माणसे शेती कशी करतात, असे तू विचारले होतेस. फोनवर मी दोनदा उत्तर दिले आणि दोन्ही वेळा ते अपुरे वाटले. आज सकाळपासून पावसाची झड लागली आहे, मक्याची काढणी थांबली आहे आणि मलाही माती परीक्षणाचे नमुने घ्यायला शेतात जाता येत नाही, म्हणून सावकाश लिहायला बसलो आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट ध्यानात घे, की इथे आपल्यासारखे गावठाण नाही. आटपाडीकडे घरे एकमेकांना टेकून असतात आणि रान लांब असते. इथे प्रत्येकाचे घर त्याच्या रानातच, एकटे. माणसे वस्तीला येण्यापूर्वीच जमिनीची मोजणी झाली होती. एक मैल लांब व एक मैल रुंद असा 640 एकरांचा चौकोन, त्याला सेक्शन म्हणतात. अशा 36 चौकोनांची एक टाउनशिप आणि अशा 16 टाउनशिप मिळून आमची ही ब्यूना व्हिस्टा काउंटी, म्हणजे इथला जिल्हाच. टेकाड असो वा दलदल, दर मैलाला खडीचा सरळ रस्ता. ही मोजणी 66 फुटांच्या साखळीने झाली. आपल्या गुंठ्याची बाजू 33 फूट, म्हणजे बरोबर त्या साखळीच्या निम्मी, हे लक्षात आले तेव्हा मला फार आनंद झाला. इथला एकर आणि तुझा एकर एकाच मापाचा आहे, फक्त इथे तो शेकड्यांनी मोजतात. मळे मोठे होत गेले तशी घरे कमी झाली. रानात मध्येच वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या झाडांची एखादी रांग दिसते आणि तिच्या आड घर नसते; तिथे कधीकाळी एक कुटुंब नांदत होते, एवढेच त्यावरून समजायचे.

माती मात्र अशी की तू पाहिलीस तर मूठभर उचलून बराच वेळ हातातच धरशील. सुमारे 12 हजार वर्षांपूर्वी हिमनदीचे बर्फ मागे हटले, मागे राहिलेल्या गाळावर माणसाच्या उंचीचे गवत हजारो वर्षे वाढले आणि कुजले, त्यातून ही काळी माती झाली. विहीर, बोअर, ठिबक यांतले काही नसताना, केवळ पावसावर, चांगल्या वर्षी मक्याचे एकरी 50 क्विंटल उत्पन्न निघते. एका वर्षी मका, दुसऱ्या वर्षी सोयाबीन, हाच फेरा.

पहिल्या वसंत ऋतूत एका शेतात मोठे यंत्र जमिनीत तीन-चार फूट खोल छिद्रांचा प्लॅस्टिक पाइप पुरत चालले होते. शेतकऱ्याला मी विचारले, की पाणी कुठून आणणार? तो म्हणाला, "आणायचे नाही, घालवायचे आहे." त्या रात्री मला आपल्याकडच्या 1972 च्या दुष्काळाच्या आईने सांगितलेल्या गोष्टी आठवत राहिल्या. ज्या पाण्यासाठी आपली माणसे खडी फोडायला गेली, ते इथे जमिनीतून बाहेर काढण्यासाठी लोक शंभराहून अधिक वर्षे पैसा घालत आले आहेत. हिमनदीने सपाट केलेल्या या भूमीत पाण्याला वाट नव्हती. ठिकठिकाणी पाणथळ डबकी होती. आधी भाजलेल्या मातीच्या फूट-फूटभर नळ्या, आता प्लॅस्टिक. शेतकऱ्यांनी मिळून निचरा मंडळे स्थापन केली, कर बसवला, नळ्यांचे पाणी नाल्यांत आणि नाल्यांचे नदीत सोडले. आपल्याच जिल्ह्यात कृष्णाकाठच्या क्षारपड रानांत सच्छिद्र निचरा करतात, तीच ही पद्धत; पण इथे पूर्वेकडच्या शिवारांत जमिनीखाली तिचे जाळेच आहे. म्हणून मी तुला सांगतो, की नैसर्गिक वाटणारा हा हिरवा मुलूख माणसाने घडवलेला आहे आणि त्याचा अर्धा भाग डोळ्यांना दिसतच नाही.

हे पाणी जाते कुठे, हा प्रश्न मला इथे सर्वांत जास्त छळतो. काउंटीच्या उत्तरेकडून लिटल सू नदी जाते, ती मिसुरीला मिळते. नॉर्थ रकून नदी मात्र याच काउंटीत उगम पावते, आमच्या स्टॉर्म लेक तळ्याचे पाणीही तिलाच जाते आणि खाली राजधानीचे डी मॉइन शहर तिचे पाणी पिते. काढणीनंतर नोव्हेंबरपासून मेपर्यंत रान उघडे असते, मुळे नत्र शोषायला नसतात, आणि वसंतातला पाऊस मातीतले व खतातले नत्र घेऊन थेट त्या पाइपांत उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नत्राची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे. 2015 मध्ये डी मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने आमच्यासह तीन काउंट्यांच्या निचरा मंडळांवर दावा लावला. 2017 मध्ये तो फेटाळला गेला. त्या काळात काउंट्यांच्या बचावाचा खर्च कोण भरत आहे, हे इथल्या स्टॉर्म लेक टाइम्स या छोट्या वर्तमानपत्राचे संपादक आर्ट कलन यांनी अग्रलेखांतून पुनःपुन्हा विचारले. आपल्याच वाचकांना, आपल्याच जाहिरातदारांना न रुचणारे प्रश्न त्यांनी विचारले, आणि 2017 चे अग्रलेखनाचे पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळाले. दावा संपला, पण नत्र वाहायचे थांबले नाही. याच वर्षी जूनमध्ये नत्र काढून पाणी शुद्ध करणे पुरे पडेना, म्हणून डी मॉइन परिसरात हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आणावी लागली. मी दोन्ही बाजूंच्या माणसांबरोबर जेवलो आहे. शेतकरी बेफिकीर नाहीत. पण काढणीनंतर राय नावाचे धान्य पेरून रान झाकणारे अजून थोडे आहेत, आणि खालच्या लोकांचे आपण देणे लागतो असे मला मनापासून वाटते.

आता माणसांविषयी. काउंटीला हे नाव 1847 मध्ये मेक्सिकोत झालेल्या लढाईवरून मिळाले. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ सुंदर देखावा. डाकोटा लोकांच्या शिकारीच्या या मुलखात 1870 मध्ये रेल्वे आली आणि तिच्यामागून स्वीडिश, जर्मन असे शेतकरी. त्यांची नातवंडे नावाचा उच्चार 'ब्यूना' करतात. आणि आता स्टॉर्म लेकच्या शाळेत मेक्सिकोतून आलेल्यांची मुले ते मूळ स्पॅनिश उच्चाराने म्हणतात. पावणेदोनशे वर्षांनी नाव आपल्या घरी आल्यासारखे वाटते.

हे घडले डुकरांच्या मांसाच्या कारखान्यामुळे. 1981 मध्ये जुना कारखाना बंद पडला, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने तो कमी मजुरीवर सुरू केला. त्याआधी, 1975 मध्ये, गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी लाओसमधून परागंदा झालेल्या ताई दाम लोकांना आयोवात आणले होते. त्यांच्यातले काही इथे कामाला आले, मग लाओ, मग मेक्सिकन, पुढे सुदान आणि मायक्रोनेशियाहून माणसे आली. काम कठीण आहे. थंडगार खोलीत दिवसभर सुरी चालवायची. पण याच माणसांमुळे काउंटीची लोकसंख्या 20 हजारांच्या आसपास टिकली, तर शेजारच्या पोकाहॉन्टस काउंटीत 2020 मध्ये जेमतेम सात हजार माणसे उरली. शनिवारी तळ्याकाठी फिरताना पाच भाषा कानावर पडतात. मराठी मात्र माझ्या घरातलीच.

जुने शेतकरी अबोल. रस्त्यात भेटले की स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात, तोच नमस्कार. पण दारात पर्जन्यमापक प्रत्येकाचा, आणि पाऊस पडला की पहिला प्रश्न, "तुमच्याकडे किती?" तिथे मला तू आठवतोस. 2022 च्या मार्चमध्ये बर्ड फ्लूमुळे इथल्या एकाच फार्मवर 50 लाखांहून अधिक कोंबड्या माराव्या लागल्या, तेव्हा हीच माणसे काही दिवस पावसाविषयीही बोलेनाशी झाली होती.

टेंभू योजनेचे पाणी तुझ्या डाळिंबाला मिळू लागल्याचे तू लिहिलेस, ते मी तीनदा वाचले. आता एक कर: खालच्या तुकड्यात आधी चर काढून घे. आपल्या रानाला पाण्याची सवय नाही. पाणी साचून वाळव्याची काळी राने क्षारपड झाली, ते तू पाहिले आहेस. मातीचा नमुना घरी पाठव, मी डिसेंबरात येईन तेव्हा सोबत बसून तपासू.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
विलास